फी भरली, पण दार उघडले का?



जून महिना आला की शिक्षणासाठी मदत मागणारे अर्ज येऊ लागतात. कुणाला फी हवी असते, कुणाला पुस्तके. एखादा बचत गट किंवा युवक मंडळ अभ्यासवर्गासाठी पैसे मागते. आपण यथाशक्ती देतो आणि कर्तव्य केल्याचे समाधान मानतो. पण पैसे दिले की आपले कर्तव्य खरोखरच संपते का?

बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९१३ साली एका हुशार तरुणाला अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी शिष्यवृत्ती दिली. तीन वर्षे, दरमहा साडेअकरा पौंड. परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करावी, असा करार होता. तो तरुण म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

१९१७ साली ते दिलेला शब्द पाळायला बडोद्याला गेले. नोकरी मिळाली, पण अस्पृश्य म्हणून राहायला जागा मिळेना. पारशी नाव घेऊन ते पारशांच्या धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक आले आणि त्यांनी जागा सोडायला लावली. बाबासाहेबांनी दोन मित्रांकडे आसरा मागितला. हिंदू मित्र म्हणाला, तुम्ही आलात तर नोकर निघून जातील. दुसरा मित्र ख्रिस्ती होता. त्याने सांगितले, पत्नी उद्या येणार आहे, तिला विचारावे लागेल. तो नकारच होता, हे बाबासाहेबांना नंतर कळले. काही तास बागेत काढून ते रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले. ही हकीकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे.

महाराजांच्या दानात खोट नव्हती. खोट होती ती शहरातल्या बंद दारांत. आणि त्यांतले एक दार ख्रिस्ती घराचे होते, हे वाचताना आपली मान खाली जाते.

कुणी म्हणेल, घर लहान आहे, आमच्याही अडचणी आहेत. खरे आहे. प्रत्येकाला घरात ठेवून घेणे शक्य नसते. पण 'विचारून सांगतो' म्हणताना खरी अडचण जागेची आहे की जातीची, हे आपले मन जाणते.

पुढे याच बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली आपल्या शहरात कॉलेज सुरू केले. तेच आजचे मिलिंद महाविद्यालय. नागसेनवनात वर्गखोल्यांबरोबर वसतिगृहेही उभी राहिली. शिकणाऱ्याला फीइतकेच छप्परही लागते, हे त्यांना कुणी शिकवण्याची गरज नव्हती.

प्रभू येशूच्या दाखल्यातला दयाळू शोमरोनी आठवा. त्याने उतारशाळेच्या मालकाला दोन नाणी दिली, पण ती दुसऱ्या दिवशी. त्याआधी त्याने जखमा बांधल्या होत्या, स्वतःच्या जनावरावर बसवून त्या माणसाला आणले होते आणि रात्रभर त्याची काळजी घेतली होती. शिवाय परत येण्याचा शब्दही दिला.

आज पैठण, वैजापूर, जालना, बीडकडची मुले शिकायला आपल्या शहरात येतात. त्यांचा अर्ज मंजूर करताना आणखी दोन गोष्टी विचारू या: बाळा, तू राहतोस कुठे? जेवतोस कुठे? खोली मिळवून देताना घरमालकाशी दोन शब्द बोलू या. रविवारी मिस्सानंतर त्याला घरी जेवायला बोलावू या.

फीची पावती फाइलमध्ये राहते. आपले दार उघडे होते की बंद, हे मात्र ते मूल आयुष्यभर विसरत नाही.