दुसरं कुणी नसताना

मी कोल्हापुरात फिल्म एडिटिंग करते. लग्नाचे व्हिडिओ, संस्थांचे माहितीपट आणि गेली काही वर्षं कॉलेजच्या मुलांच्या भुताच्या शॉर्टफिल्म. खिशात पैसे नसतात म्हणून मुलं हाच विषय धरतात. एक मित्र, एक बंद घर आणि मोबाइल एवढ्यावर भागतं. एडिटला बसलं की पहिली मागणी ठरलेली, “ताई, भूत दिसतं तिथं आवाज जोरात टाका.” मी त्यांना भूतच कापायला सांगते. यामागचं कारण मला कलेत कमी आणि अध्यात्मात जास्त दिसतं.

माझे वडील प्रवचनं करायचे. बृहदारण्यक उपनिषदातला एक प्रसंग ते नेहमी सांगत. सृष्टीच्या आरंभी आत्मा एकटाच होता. त्याने भोवती पाहिलं, तर आपल्यावाचून कुणीच नाही. तो भ्याला. मग त्याच्या मनात आलं, माझ्याशिवाय दुसरं काही नाहीच, तर मी भितो कुणाला? आणि भय गेलं, कारण भय दुसऱ्यापासून होतं. वडिलांचा भर या शेवटावर असे. मी मात्र त्याच्या आधीच अडकून पडे. दुसरा नव्हता, तरी तो आधी भ्याला होताच! शंकराचार्य भाष्यात याचं कारण देतात: आपला नाश होईल, हा त्याचा विपरीत समज. म्हणजे भ्यायला समोर कुणी लागतच नाही. ‘मी’ असलो की पुरे.

हे मी पडद्यावर पाहिलं ते माया डेरेनच्या ‘मेशेस ऑफ द आफ्टरनून’मध्ये. १९४३ साली तिने आणि तिचा नवरा अलेक्झांडर हामिद याने लॉस एंजेलिसमधल्या आपल्या राहत्या घरात ही १४ मिनिटांची फिल्म केली. १६ मिमीचा कॅमेरा, कामं दोघांचीच, खर्च सुमारे २७५ डॉलर आला असं सांगतात. पुस्तकं हिला प्रायोगिक फिल्म म्हणतात, भयपट म्हणत नाहीत. मी म्हणते. एक बाई दुपारी खुर्चीत झोपी जाते आणि स्वप्नात पुन्हा पुन्हा त्याच घरात शिरते. आत आधीच असलेली ती खिडकीतून नव्या तिला येताना पाहते. किल्ली, पावाची सुरी, खाली काढून ठेवलेला फोन, एवढंच सामान. शेवटी टेबलाभोवती तिघी बसतात, तिघीही तीच. तिसरीच्या हातात किल्लीची सुरी होते आणि ती झोपलेल्या स्वतःला मारायला उठते. तिची पावलं वाळूवर, गवतावर, रस्त्यावर आणि मग खोलीतल्या गालिच्यावर पडतात. नुसत्या पायांचे हे तुकडे. यात खर्च तो काय? पण मारायला निघालेली बाई एवढं अंतर तोडून स्वतःपर्यंत येते, हे त्या चार-पाच कटांत अंगावर येतं. ज्या काळ्या आकृतीमागे ती धावत असते, तिच्या चेहऱ्याच्या जागी आरसा आहे.

तो आरसा पाहिला की मला ‘चांगदेव पासष्टी’ आठवते. चांगदेवांच्या कोऱ्या पत्राला ज्ञानदेवांनी पासष्ट ओव्यांचं उत्तर धाडलं, अशी परंपरा आहे. त्यात आरशाचा दृष्टांत येतो. आरशामुळे पाहणारा आणि दिसणारा असे दोन झाल्यासारखे वाटतात; मुख एकच, आणि आरसा नसतानाही ते असतंच. ज्ञानदेव यातून निर्भयतेकडे जातात. डेरेनची बाई तिथवर पोचत नाही. ती समोरच्या पुरुषावर सुरी फेकते, त्याचा चेहरा आरशासारखा फुटतो, आणि अखेरीस खुर्चीत ती मेलेली सापडते, अंगावर काचा घेऊन. दृष्टांत तोच, पण मधेच थांबला तर काय होतं ते इथे दिसतं.

अलीकडचं उदाहरण कॅनडातलं: एडमंटनचा काइल एडवर्ड बॉल लोकांकडून त्यांची दुःस्वप्नं मागवायचा आणि त्यांच्या छोट्या फिल्म करायचा. त्याच्या ध्यानात आलं की एक स्वप्न बऱ्याच जणांना पडलेलं असतं: आपण लहान आहोत, घरात आहोत, आईबाबा नाहीत. त्यातून २०२०ची ‘हेक’ निघाली आणि मग ‘स्किनामरिंक’. इतक्या जणांचं असलेलं भय कुणा एकाचं राहत नाही. रसाची मीमांसा करताना अभिनवगुप्तांनी ‘शाकुंतला’तल्या पळणाऱ्या हरणावरून हेच सांगितलं होतं. प्रेक्षकाला जाणवतं ते हरणाचं भय नसतं की स्वतःचंही नसतं. स्थळकाळ गळून गेलेलं नुसतं भय उरतं. उलट डेव्हिड सँडबर्गची २०१३ची ‘लाइट्स आउट’ पाहा. स्वतःचं घर, बायको नटी, तीन मिनिटांच्या आतला जीव. शेवटच्या क्षणापर्यंत ती अप्रतिम आहे. मग भुताचा चेहरा दाखवला जातो, भयाला मालक मिळतो आणि मी सुटते. पैसा आला की पहिल्यांदा हा मालकच विकत घेतला जातो, हे माझं ठाम मत आहे.

डेरेन पुढे, १९४७ साली, हैतीला गेली. नाच चित्रित करायला गेलेली ती वोडू या तिथल्या धर्माच्या विधींत गुंतली, आणि १९५३च्या आपल्या पुस्तकात तिने स्वतःच्या अंगात एर्झुली ही देवी आल्याचं लिहिलं. आपल्याकडे अंगात येणं लहानपणापासून पाहिलेल्यांना त्यातलं पुष्कळ ओळखीचं वाटेल. तिथे भयाचा कळस देवी दिसण्यात नाही, ‘मी’ निसटून चालल्याच्या जाणिवेत आहे. उपनिषदातल्या त्या पहिल्या भयाशी हे अगदी जुळतं.

म्हणून शॉर्टफिल्म करणाऱ्या मुलांना माझं सांगणं आहे, मेकअपसाठी वर्गणी काढू नका. आधी ‘मेशेस’ पाहा. तेइजी इतोचं संगीत तिला १९५९ साली जोडलं गेलं; त्याआधी ती मूकच होती. पहिल्यांदा आवाज बंद करून, एकट्याने पाहा.