खडक फोडण्याआधी पाण्याचा हिशेब

मोखाडा तालुक्यातल्या खोडाळ्याच्या परिसरात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो, आणि उन्हाळा तापला की पाड्यापाड्यांवर हंडे टँकरच्या वाटेला लागतात. याचे कारण पायाखालच्या कातळात आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा हा बेसाल्ट पाणी धरतो तो फक्त भेगांत, सांध्यांत आणि वरच्या झिजलेल्या थरात. बाकीचे पाणी उतारावरून वैतरणा नदीला मिळते. बोअरला भेग लागली नाही, तर हातपंप कोरडाच.

अशा बोअरसाठी राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा जलभंजनाचा उपाय करते. बोअरमध्ये पॅकर नावाचे बूच उतरवून वरची बाजू बंद करतात आणि खाली मोठ्या दाबाने पाणी सोडतात. बुजलेल्या भेगा धुऊन निघतात, बारीक भेगा रुंदावतात, पंपाला येणारे पाणी वाढते. दर वेळी यश येते असे नाही. पण यात वापरले जाते ते साधे पाणी, आणि लाभ होतो तो त्याच पाड्याला.

शेल खडकातला तेल-वायू काढताना तत्त्व हेच असते, बाकी सगळे बदलते. हजार-दोन हजार मीटर किंवा त्याहून खोल जायचे, तिथून आडवे वळून लांबवर भोके पाडायची, मग पाण्यात वाळू आणि रसायने मिसळून खडक फोडायचा. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या मते एका विहिरीला ५७ लाख ते ६ कोटी लिटर पाणी लागते. १० हजार लिटरचा टँकर धरला, तर ६ कोटी लिटर म्हणजे ६ हजार टँकर. मला सगळ्यात जाचते ते पुढेच: यातले बरेच पाणी खोल खडकात कायमचे अडकते. शेताला दिलेले पाणी ढगातून, ओढ्यातून कधीतरी परतते. हे परतत नाही. जे वर येते ते खारे, रसायनमिश्रित, काही ठिकाणी किरणोत्सारीही असते.

ते टाकायचे कुठे? ओक्लाहोमात ते पुन्हा खोल जमिनीत दाबले गेले आणि भूकंपांची रांग लागली. सप्टेंबर २०१६ मध्ये पॉनी इथे ५.८ तीव्रतेचा धक्का बसला. महाराष्ट्राला हे समजायला अमेरिकेत जावे लागत नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपाने दाखवून दिले, की धरणाचे पाणीही खडकातला ताण ढळवू शकते.

खोडाळ्याच्या बेसाल्टात शेल वायू नाही. देशात त्याचा शोध खंबायतच्या खोऱ्यात, गुजरातेत जंबुसरजवळ, ओएनजीसीने २०१३ मध्ये घेतला. मग मोखाड्याने काळजी का करावी? कारण नियम देशभरासाठी एकच असतात. जानेवारी २०२० मध्ये केंद्राने तेल-वायूच्या शोधविहिरी अशा वर्गात टाकल्या, जिथे जनसुनावणी लागत नाही. अनुसूचित क्षेत्रांसाठीच्या १९९६ च्या पेसा कायद्यात गौण खनिजांसाठी ग्रामसभेच्या किंवा पंचायतीच्या शिफारशीची अट आहे. तेल-वायू गौण खनिजांत मोडत नाही. म्हणजे गावच्या मुरुमाबद्दल ग्रामसभेला किंवा पंचायतीला विचारावे लागते, पण गावाखालचा खडक फोडण्यासाठी त्या कलमाचा आधार मिळत नाही.

दुसऱ्यांसाठी पाणी देण्याचा अर्थ या तालुक्याला चांगला ठाऊक आहे. १०२ मीटर उंचीचे मध्य वैतरणा धरण मोखाड्यातच आहे, आणि त्याचे रोजचे ४५.५ कोटी लिटर पाणी मुंबईला जाते. मुंबईची तहान खोटी नाही. पण धरणाच्या तालुक्यात टँकर फिरत असताना, पाण्याचा निर्णय पाणी देणाऱ्याला न विचारता घ्यायची सवय देशाला लागली आहे, एवढे तरी मान्य करावे लागेल.

अमेरिकेच्या २००५ च्या ऊर्जा कायद्याने डिझेल सोडून बाकी सगळ्या भंजनद्रवांना पेयजल सुरक्षेच्या कायद्यातून सूट दिली, आणि पाणी बिघडल्याच्या तक्रारी मागाहून तपासाव्या लागल्या. तिथल्या सरकारी पर्यावरण संरक्षण संस्थेनेच २०१६ मध्ये सांगितले, की काही परिस्थितींत या कामाने पिण्याच्या पाण्यावर परिणाम होतो. आपल्याला हा क्रम उलटा करता येईल. पहिली विहीर फोडण्याआधी पाणी कुठून घेणार, त्यात काय मिसळणार आणि वर आलेले कुठे नेणार, हे मराठीत, गुजरातीत, ज्या गावात काम त्या गावच्या भाषेत जाहीर झाले पाहिजे. त्या गावच्या ग्रामसभेचा नकार सरकारवर बंधनकारक असला पाहिजे. तसा कायदा आज नाही. तो मागायला आमदार-खासदारांच्या दारी जावे लागेल, आणि वाचकहो, त्या मागणीत आपणही असायला हवे.