स्वभाव की सोय?

आपला स्वभाव आपल्याइतका दुसऱ्या कुणाला ठाऊक नसतो, अशी आपली पक्की समजूत असते. स्वभावाचा प्रकार शोधून देणारी एखादी प्रश्नावली भरायला घ्यावी, म्हणजे ती समजूत डळमळू लागते. ‘अनोळखी माणसांत तुम्ही सहज मिसळता का?’ मी बेधडक ‘हो’वर खूण केली आणि मग थबकलो. लिंबायतमध्ये वाढलेला माणूस मिसळणार नाही तर जाईल कुठे?

लिंबायत म्हणजे सुरतेत वसलेला खानदेश. जळगाव, धुळे, नंदुरबारकडची माणसं तापी लाइनच्या गाडीनं उधन्याला उतरली, लूमवर आणि डाइंग मिलमध्ये लागली, खोल्या घेऊन राहिली. पहिली खोली मिळायची ती गाववाल्याच्या ओळखीनं, पहिलं काम नातेवाइकाच्या शब्दावर. घरात आजारपण आलं की भिशीचा नंबर कुणी तरी आपल्यासाठी सोडायचा. अशा ठिकाणी ओट्यावर बसणं, लग्नाला जाणं, मयतीला खांदा देणं ही हौस नसते, तो विम्याचा हप्ता असतो. तो भरणारा प्रत्येक जण माणसांचा भुकेला असतोच असं नाही.

ऑस्कर इचाझो आणि क्लॉडिओ नारान्हो यांच्या शिकवणीतून पुढे आलेल्या एनिअग्राम पद्धतीत स्वभावाचे नऊ प्रकार मानतात आणि प्रत्येकात तीन सहजप्रेरणा: स्वतःला जपण्याची, समूहात जागा राखण्याची आणि एकाच माणसाशी घट्ट जोडलं जाण्याची. या पद्धतीचा शास्त्रीय पाया तोकडा आहे, पण ती उभा करते तो प्रश्न खरा आहे. समूहात रमलेला दिसणारा माणूस मुळात स्वतःला जपत असेल तर? खरा समूहप्रिय आणि हा, वरून दोघं सारखेच दिसतात. आतूनही सारखंच वाटतं, ही खरी अडचण.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई, खानदेशची देवी, बसते. भाऊबंद एकत्र जमतात, रोटांसाठी गहू दळला जातो, नारळाला नथ-डोरलं चढतं, रात्रभर गाणी होतात. त्या रात्री मी वर्गणीची वही सांभाळतो. कुणी किती दिले, गॅसच्या टाकीला किती गेले, मंडपवाल्याचे किती राहिले. दाराशी खुर्ची टाकून बसलं की येणारा प्रत्येक जण भेटतो आणि कुणाशीच फार बोलावं लागत नाही. काकू सगळ्यांना सांगते, ‘हा माणसांतला.’ वही नसती तर मी त्या गर्दीत किती वेळ टिकलो असतो, याची मला खात्री नाही.

आपण स्वतःला दिलेली कारणंही विश्वासाची नसतात. रिचर्ड निस्बेट आणि टिमोथी विल्सन यांनी 1977 मध्ये एक प्रयोग नोंदवला. दुकानात नायलॉन मोज्यांचे चार अगदी सारखे जोड मांडले होते. सर्वाधिक लोकांनी उजव्या टोकाचा उचलला आणि कारण सांगितलं वीण, पोत. जागेचं नाव कुणी काढलं नाही. सुरतच्या कापड मार्केटमध्ये हे रोज दिसतं. एकाच लॉटच्या दोन साड्यांतली एक ‘जास्त मऊ’ म्हणून गिऱ्हाईक घेऊन जातं, आणि ते खोटं बोलत नसतं.

शिवाय वर्णन गोड असलं की ते अंगाला बसतंच. बर्ट्रम फोररनं 1948 मध्ये विद्यार्थ्यांना ‘तुमचं वैयक्तिक विश्लेषण’ म्हणून एकच मजकूर वाटला, तोही बराचसा भविष्याच्या पुस्तकातून घेतलेला. त्यांनी त्याला 5 पैकी सरासरी 4.26 गुण दिले. उलट ‘दासबोधा’तली मूर्खलक्षणं वाचताना प्रत्येकाला शेजारीच आठवतो.

मग विचारायचं कुणाला? मानसशास्त्रज्ञ सिमीन वझीरे यांच्या 2010 च्या अभ्यासात आतली धाकधूक ज्याची त्याला जास्त नीट कळते असं दिसलं, पण बुद्धी किंवा कल्पकतेचा अंदाज मित्रांचा अधिक बरोबर निघाला. म्हणजे काकूला विचारावं, पण अर्धंच मानावं. तिनं मला फक्त लिंबायतमध्ये पाहिलंय.

माझा एक मावसभाऊ सुरतच्याच वेसू भागात फ्लॅटमध्ये राहायला गेला. इथे रात्री उशिरापर्यंत ओट्यावर त्याचाच आवाज असायचा. तिथे तो समोरच्या दाराशीही बोलत नाही, आणि मजेत आहे. मावशी म्हणते, “पोऱ्या बदली गया.” मला वाटतं तो बदलला नाही, त्याची गरज संपली. पण याच्या उलटही होतं. गरजेपोटी लावलेली सवय अंगवळणी पडते, आणि मग बंद दारांच्या मजल्यावर जीव गुदमरतो. तिथे सोयीचाच स्वभाव झालेला असतो, आणि तो नकली म्हणता येत नाही.

म्हणून प्रश्नावलीतलं माझं ‘हो’ मी खोडलं नाही. फक्त आता अशा प्रत्येक उत्तरापुढे आणखी एक प्रश्न जोडतो: हे असं वागताना मला वेगळं वागायची मुभा होती का? जिथे ती नव्हती, तिथलं वागणं परिस्थितीच्या खात्यावर टाकावं. जिथे होती, तिथलं तेवढं स्वभावाचं. ही दुसरी बाजू अनेकांची लहानच निघेल, आणि प्रकाराचं लेबल लावण्याची घाई न करायला तेवढं कारण पुरे आहे.