औषधातील विष आणि कर्माचा अनुबंध

बेंगळुरूच्या भाजीबाजारात पालेभाज्यांच्या शेजारी ओंदेलग नावाच्या वनस्पतीच्या लहान जुड्या विकावयास येतात. संस्कृत ग्रंथांतील मंडूकपर्णी ती हीच. कन्नड गृहिणी ही पाने कच्चीच वाटून, खोबरे व ताक घालून, तंबुळी नावाचे पातळ तोंडीलावणे करते आणि मुलांची बुद्धी तल्लख व्हावी म्हणून त्यांना आवर्जून वाढते. येथे आहार व औषध एकच होतात. परंतु त्या पानावर कीटकनाशकाचा अंश उरला असेल, तर त्या मातेने मुलाला काय दिले? आणि त्याचा दोष कोणाकडे जातो?

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात औषधी कोणत्या भूमीतून व कशी घ्यावी याचा विचार आहे. ग्राह्य औषधी कृमींनी बिघडलेली नसावी, तशीच ती विषाने दूषितही नसावी, असे दोन्ही दोष तेथे एकत्रच सांगितले आहेत. आजच्या शेतीत पहिला दोष घालविण्यासाठी दुसरा आणला जातो. कृमीने खाल्लेले पान दिसते व टाकून देता येते. विषाचा अंश दिसत नाही.

तो सहजासहजी जातही नाही. धुतल्याने वरवरचा काही भाग निघतो. पण जी द्रव्ये वनस्पतीच्या रसात मुरतात, ती धुण्याने जात नाहीत. पाला वाळला की पाणी उडते आणि टिकाऊ विषाचे प्रमाण उरलेल्या भागात वाढते. डीडीटीसारखी द्रव्ये पाण्यापेक्षा स्नेहात अधिक विरघळतात. म्हणून काढ्यापेक्षा सिद्ध तेलातुपात ती अधिक उतरण्याचा संभव असतो. शेतीतील डीडीटीच्या वापरास भारतात १९८९ मध्ये बंदी झाली, तरी ते मातीत वर्षानुवर्षे टिकते. म्हणूनच आयुर्वेदीय औषधिकोशाने अशा अवशेषांच्या मर्यादा ठरविल्या. डीडीटीची मर्यादा एका किलोस १ मिलिग्रॅम आहे.

येथे शंका येते. शेतकऱ्याने पीक वाचविले, व्यापाऱ्याने माल पोचविला, वैद्याने विश्वासाने चूर्ण दिले, मातेने तर प्रेमानेच वाढले. कोणाच्याही मनात हिंसा नव्हती. मग दोष कोणाचा?

गीतेच्या अठराव्या अध्यायात याचे उत्तर सापडते. अनुबंध, क्षय व हिंसा यांचा विचार न करता मोहाने आरंभिलेले कर्म तेथे तामस म्हटले आहे. अनुबंध म्हणजे कर्मामागून बांधल्यासारखा येणारा परिणाम. पानात उरलेला विषाचा अंश हा फवारणीचा अनुबंधच होय. केरळातील कासरगोड जिल्ह्यात काजूच्या बागांवर एंडोसल्फानची हवाई फवारणी वर्षानुवर्षे चालली. हेतू पीक वाचविण्याचा होता. पुढे त्या परिसरातील कुटुंबांच्या व्यथा देशासमोर आल्या आणि १३ मे २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या विषाच्या उत्पादनास, विक्रीस व वापरास मनाई केली. हेतू निर्दोष असल्याने अनुबंध चुकत नाही.

मात्र दोषाचा भार सर्वांवर सारखा नाही. ज्याला जितके जाणणे शक्य, त्याचे उत्तरदायित्व तितके मोठे. मातेला विष दिसत नाही. तपासणी करून घेणे औषध बनविणाऱ्यास शक्य आहे. शेतकरी तर फवाऱ्याचा पहिला श्वास स्वतःच घेतो. त्याला दोष देण्यापूर्वी गृहस्थाने स्वतःकडे पाहावे. छिद्र असलेली जुडी बाजूला सारून चकचकीत जुडी निवडणारा हात कोणाचा? त्या निवडीनेच शेतकऱ्याच्या हाती फवारा दिला.

म्हणून गृहस्थाने विकत घेताना विचारावे. फवारणीवाचून पिकविणाऱ्यास दोन पैसे अधिक द्यावेत. किडलेली चार पाने निवडून टाकण्याचे श्रम घ्यावेत. तुळस, अडुळसा, मंडूकपर्णी अंगणातील मातीत वा कुंडीतही वाढतात. औषधी वनस्पतींच्या रक्षणासाठी बेंगळुरूत १९९३ मध्ये स्थापन झालेल्या एफआरएलएचटी संस्थेनेही परसातील औषधी बागांचा पुरस्कार केला. ज्या घरात पान खुडण्याआधी त्याच्या अनुबंधाचा विचार होतो, त्या घरातील औषध देणाऱ्यालाही निर्दोष ठेवते.