मुलांना जाहिरात करू द्या, आणि ती कापूही द्या

हरवलेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या कराचीतल्या रोशनी हेल्पलाइन या संस्थेने 2016 साली एक छोटी जनहितार्थ जाहिरात केली. गल्लीत मुले क्रिकेट खेळत आहेत. मोटारसायकलवरून दोघे येतात, एका लहानग्याला उचलतात आणि भरधाव निघून जातात. काही क्षणांत तेच दोघे परत येतात, मुलाला सुखरूप खाली उतरवतात आणि कॅमेऱ्यासमोर एक फलक धरतात. कराचीच्या रस्त्यावरून मूल पळवायला एक क्षण पुरतो, मुलांकडे लक्ष ठेवा, असे त्या फलकाचे सांगणे. पालकांना सावध करणे एवढाच तिचा हेतू होता.

2018च्या उन्हाळ्यात हीच चित्रफीत भारतभर व्हॉट्सॲपवर फिरली, पण शेवट कापून. फलक गेला, मूल परत आल्याचे दृश्य गेले आणि उरले ते निव्वळ अपहरण. सोबत मजकूर जोडला गेला की, मुले पळवणारी टोळी आपल्या भागात आली आहे. अशाच अफवांच्या लाटेत 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा इथे आठवडे बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ठेचून मारले. भिक्षेवर पोट भरणारी ती माणसे होती आणि त्यातली बहुतेक मंगळवेढा तालुक्यातून आलेली होती. त्यांनी कोणाचेही मूल पळवले नव्हते.

त्यानंतर उपायांची चर्चा बहुतेक तंत्रज्ञानाभोवती फिरली. व्हॉट्सॲपने त्याच महिन्यात भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. ती आवश्यकच होती. पण खरा प्रश्न पाहणाऱ्यांचा आहे. ही चित्रफीत कोणीतरी कुठेतरी सुरू केली आहे आणि कुठेतरी थांबवली आहे, त्याच्या पुढे काहीतरी असू शकते, ही शंका लाखो सुबुद्ध माणसांना का आली नाही? माझे उत्तर असे की, ज्याने स्वतः कधी चित्रण करून त्याची काटछाट केलेली नाही, त्याला समोरच्या दृश्यातली काटछाट सहसा दिसत नाही. ती दिसावी यासाठी शाळेत मुलांनी स्वतः जनहितार्थ जाहिराती कराव्यात. मात्र आज आपल्या शाळांत ‘जनजागृती’च्या नावाखाली जे चालते, ते हे नव्हे.

आज काय होते ते कोणत्याही शिक्षकाला ठाऊक आहे. परिपत्रक येते, सप्ताह ठरतो. रस्ता सुरक्षा, स्वच्छता, व्यसनमुक्ती, पाणी. प्रभातफेरी निघते, घोषवाक्यांची स्पर्धा होते आणि अलीकडे ‘एक मिनिटाचा व्हिडिओ’ मागवला जातो. विषय वरून येतो, संदेश वरून येतो, निष्कर्षही वरूनच येतो. मुलांच्या वाट्याला उरते ती सजावट. त्या संदेशात काही खोटे असते असे नाही. पण तो खरा आहे हे कशावरून, हा प्रश्न या साऱ्या प्रक्रियेत एकदाही विचारला जात नाही. दुसऱ्याने दिलेला संदेश जास्तीत जास्त आकर्षक करून पुढे पाठवायचा, हीच सवय त्यातून लागते. फॉरवर्ड करणाऱ्या माणसाची सवय याहून वेगळी नसते.

परीक्षेतही तेच चालते. दहावीच्या मराठीच्या उपयोजित लेखनात जाहिरातलेखन आहे, बातमीलेखनही आहे. हे दोन्ही प्रकार अभ्यासक्रमात असणे ही मोलाची गोष्ट आहे. पण जाहिरातीला गुण मिळतात ते आकर्षक शब्दरचनेसाठी आणि नेटक्या मांडणीसाठी. त्यात केलेला दावा कशाच्या आधारावर आहे, याला गुण नाहीत. बातमी तर न पाहिलेल्या कार्यक्रमाची, कल्पनेतून स्थळ, वेळ आणि पाहुण्यांची नावे घालून लिहायची असते. ज्या वयात ‘तू तिथे होतास का, कोणाला विचारलेस’ असे विचारायला हवे, त्या वयात आपण मुलांना बातमी रचायला शिकवतो. यात शिक्षकांचा दोष नाही, प्रश्नपत्रिकेचा आहे.

माध्यमशिक्षणाचा विचार जगात नवा नाही. जानेवारी 1982 मध्ये युनेस्कोच्या पुढाकाराने पश्चिम जर्मनीतील ग्रुनवाल्ड इथे 19 देशांचे प्रतिनिधी जमले आणि शालेय वयातच माध्यमांचे शिक्षण द्यावे असा जाहीरनामा त्यांनी काढला. ब्रिटिश शिक्षणतज्ज्ञ लेन मास्टरमन यांनी 1985 च्या ‘टीचिंग द मीडिया’ या पुस्तकात या विचाराला भक्कम पाया दिला. माध्यमे वास्तव जसेच्या तसे दाखवत नाहीत, ती वास्तवाची रचना करतात, हा त्यांचा मूळ मुद्दा. पण मास्टरमन यांनीच आणखी एक इशारा दिला होता. मुलांच्या हाती कॅमेरा दिला की त्यांच्यात आपोआप चिकित्सा येते, हा समज चुकीचा आहे. कॅमेरा हाती आला की मुले पाहिलेल्याची नक्कल करतात. म्हणून ‘मुलांनी जाहिरात केली’ एवढ्याने काहीच साधत नाही. ती करताना त्यांना कोणते प्रश्न पडले, यावर सगळे अवलंबून असते.

जनहितार्थ जाहिरातीला तर हे प्रश्न अधिकच विचारायला हवेत, कारण तिच्याबद्दल आपण सहसा शंका घेत नाही. साबणाच्या जाहिरातीमागे कंपनी आहे हे लहान मूलही जाणते. ‘जनहितार्थ’ असा शिक्का असला की मात्र आपण निर्धास्त होतो. अमेरिकेतली 1971 ची एक गाजलेली जाहिरात या दृष्टीने प्रत्येक शिक्षकाला माहीत असावी. मूलनिवासी वेशातला एक माणूस होडीतून येतो, रस्त्यालगत उभा राहतो, धावत्या गाडीतून कोणीतरी फेकलेला कचरा त्याच्या पायाशी पडतो आणि त्याच्या डोळ्यातून अश्रू ओघळतो. प्रदूषण माणसेच करतात, तीच ते थांबवू शकतात, असा संदेश. पिढ्यानपिढ्या लोक हेलावले. प्रत्यक्षात तो अभिनेता मूलनिवासी नव्हता, इटालियन वंशाचा होता. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे जाहिरात ज्या ‘कीप अमेरिका ब्यूटिफुल’ संस्थेची होती, तिच्या पाठीशी डबे, बाटल्या आणि शीतपेये बनवणाऱ्या कंपन्या होत्या. एकदा वापरून फेकायच्या बाटल्या बाजारात आणणारे हेच उद्योग बाटल्यांवर परतीची अनामत सक्तीची करणाऱ्या कायद्यांना विरोध करत होते. जाहिरातीत कचरा फेकणारा प्रवासी दिसत होता, बाटली बनवणारा कारखाना दिसत नव्हता. जाहिरातीतले एकही वाक्य खोटे नव्हते. दोष कोणाच्या माथी मारायचा हे मात्र चौकटीबाहेर ठरलेले होते.

ही समज आपल्या वर्गात कशी आणता येईल? समजा, धाराशिव किंवा बीड जिल्ह्यातल्या एखाद्या गावी आठवीच्या वर्गाने ‘पाणी वाचवा’ हा विषय घेतला. सहा मुलांचा गट, सरांचा एक फोन आणि तीस सेकंदांची मर्यादा. पहिल्या बैठकीत जे सुचेल ते ठरलेले असेल. उघडा नळ, तो तसाच ठेवून भांडी घासणारी बाई, धावत येऊन नळ बंद करणारा शहाणा मुलगा आणि शेवटी पडद्यावर घोषवाक्य. इथे शिक्षकाने एकच प्रश्न विचारावा, ‘असा चोवीस तास वाहणारा नळ आपल्या गावात कोणाच्या घरी आहे?’

या प्रश्नासरशी मुलांना कळू लागते की, डोक्यात आलेले चित्र आपल्या गावातले नाहीच, टीव्हीवरच्या शहरातले आहे. मग ती वही घेऊन बाहेर पडतात. टँकर कधी येतो, हंडे कोण भरते, पाणी नेमके कुठे वाया जाते? घरोघर पाणी वाहून आणणारी बाई आणि मुलगीच जाहिरातीत पाणी नासणारी म्हणून दाखवायची का, हा प्रश्न गटातली एखादी मुलगी विचारल्याशिवाय राहणार नाही. ग्रामपंचायतीच्या टाकीखालचा व्हॉल्व्ह गळतो हे सापडते. कोणीतरी मोजपात्र लावते आणि मिनिटाला अर्धा लिटर पाणी भरते. हिशेब सोपा आहे, दिवसाला 720 लिटर. आकडा दणदणीत आहे, जाहिरातीत घालावासा वाटणारच. मग कोणीतरी आठवण करून देते की, टाकीत पाणी असते ते दिवसातले सहाच तास. म्हणजे खरा आकडा 180.

माझ्या मते सगळे शिक्षण या क्षणात आहे. 720 चा आकडा लक्ष वेधतो, 180 चा आकडा खरा आहे. आपला हेतू चांगला आहे, मग थोडे वाढवून सांगितले तर काय बिघडले? हा मोह प्रत्येक वार्ताहराला, प्रत्येक प्रचारकाला, प्रत्येक फॉरवर्ड करणाऱ्याला होतो. चौदा वर्षांच्या मुलांनी या मोहावर तासभर वाद घातला आणि शेवटी पडद्यावर 180 लिहिले, तर ती पुढे कोणताही आकडा पाहताना ‘किती तासांचा?’ असे विचारतील. शिक्षकाने फळ्यावर लिहिलेली दहा सूत्रे हे काम करू शकत नाहीत.

यानंतरची पायरी तितकीच महत्त्वाची आहे आणि तीच बहुतेक ठिकाणी गाळली जाते. तयार झालेले चित्रण दुसऱ्या गटाकडे द्यावे आणि त्याच दृश्यांतून उलट अर्थाची जाहिरात कापायला सांगावी. टँकरभोवतीची गर्दी आहे. मूळ आवाज ठेवला तर बायका एकमेकींना जागा करून देताना ऐकू येतात. आवाज काढून वर कर्कश संगीत टाकले की तीच गर्दी भांडखोर वाटते. सरपंचांच्या उत्तराचे पहिले वाक्य ठेवून दुसरे कापले की ते बेफिकीर दिसतात. एकही दृश्य खोटे न घेता अख्खे गाव गुन्हेगार ठरवता येते, हे मुलांना स्वतःच्या बोटांखाली घडताना दिसते. हा अनुभव घेतलेल्या मुलाला कोणत्याही चित्रफितीची सुरुवात आणि शेवट निमूट स्वीकारता येणार नाही.

आणि तिसरी अट, जाहिरातीसोबत एक पान लिहून द्यायचे. काय चित्रित केले आणि काय वगळले, का वगळले, आकडा कुठून आणला, कोणाचे म्हणणे घेता आले नाही. गुण द्यायचे ते या पानाला. मग ती जाहिरात ज्यांच्यासाठी केली त्यांनाच, म्हणजे ग्रामसभेत किंवा पालकसभेत, दाखवायची. गावातली माणसे चूक काढतील, तेव्हा ती दुरुस्त करणे हाही अभ्यासाचाच भाग.

यावर तीन आक्षेप येतात. पहिला, मुलांना कापाकापी शिकवली तर ती फसवायला शिकतील. पण फसवण्याचे तंत्र आज प्रत्येक फोनमध्ये फुकट मिळते, त्यासाठी शाळा लागत नाही. शाळेत त्याला जोडून उत्तरदायित्व मिळते, ते दुसरीकडे कुठेही मिळत नाही. दुसरा आक्षेप साधनांचा. असर 2024 च्या पाहणीनुसार ग्रामीण भारतातल्या 14 ते 16 वयाच्या 82 टक्क्यांहून अधिक मुलामुलींना स्मार्टफोन वापरता येतो. त्यांपैकी आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी तो वापरणारे 57 टक्के होते, तर समाजमाध्यमांसाठी वापरणारे 76 टक्के. फोन मुलांच्या आयुष्यात आधीच आहे आणि त्याचे शिक्षण शाळेबाहेर चालू आहे. सहा मुलांमागे शिक्षकाचा एक फोन या कामाला पुरतो.

तिसरा आक्षेप वेळेचा आहे आणि तो गंभीर आहे. सुमित्रा बद्रीनाथन या अभ्यासिकेने 2019 च्या लोकसभा निवडणुकीच्या काळात बिहारमध्ये सुमारे तासाभराचे माध्यमसाक्षरतेचे प्रशिक्षण देऊन पाहिले. खोट्या बातम्या ओळखण्याच्या क्षमतेत त्याने एकंदर फरक पडला नाही. पुढे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिहारमध्येच तेरा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांसोबत काही आठवडे चालणारे वर्ग घेतले. तिथे परिणाम दिसला, काही महिन्यांनंतरही टिकला आणि मुलांकडून पालकांपर्यंतही पोचला. त्या वर्गांत जाहिराती बनवल्या जात नव्हत्या, पण धडा स्पष्ट आहे. एका व्याख्यानाने हे काम होत नाही, सलग आणि संथ अभ्यासाने होते. केरळच्या कन्नूर जिल्ह्याने 2018 मध्येच सुमारे दीडशे सरकारी शाळांत खोट्या बातम्यांविषयीचे वर्ग सुरू केले होते. महाराष्ट्राला हे अशक्य का असावे?

एक चौथी अडचण आहे आणि ती कोणी उघड बोलत नाही. मुलांनी खरेच शोध घेतला तर गळणारा व्हॉल्व्ह सापडेल, रखडलेले काम सापडेल, उसाला मोकाट सोडलेले पाटाचे पाणी सापडेल. गावातल्या कोणाला तरी ते रुचणार नाही आणि त्याचा ताप मुख्याध्यापकांना होईल. म्हणून ‘पाणी हेच जीवन’ हे घोषवाक्य सुरक्षित वाटते. शिक्षकांना एकटे पाडून हे काम होणार नाही. केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी आणि शाळा व्यवस्थापन समिती यांनी मुलांनी मोजलेल्या 180 लिटरच्या पाठीशी उभे राहिले पाहिजे.

मागणी फार मोठी नाही. नवा विषय नको, नवे पुस्तक नको. राज्य मंडळाने दहावीच्या जाहिरातलेखनात दाव्याच्या आधाराला गुण द्यावेत आणि बातमीलेखनाला प्रत्यक्ष पाहिलेल्या प्रसंगाची अट घालून ते अंतर्गत मूल्यमापनात आणावे. शिक्षण विभागाने जनजागृती सप्ताहांच्या स्पर्धांत घोषवाक्याऐवजी पुराव्याचे पान मागावे. आणि शिक्षकांनी परिपत्रकाची वाट न पाहता एका वर्गात, एका विषयावर, एका सत्रात हे करून पाहावे. विषय वरून आला तरी हरकत नाही. उत्तर मात्र मुलांना शोधू द्या, त्यांना त्यांच्याच जाहिरातीची काटछाट करू द्या आणि प्रत्येक वाक्यामागे ‘हे कशावरून?’ असे विचारा.