परक्या गावचे ऋण

आंतरराष्ट्रीय युवक-विनिमयाच्या ज्या योजना आज युरोपात आणि अन्यत्र चालविल्या जातात, त्यांची माहितीपत्रके चाळणाऱ्याच्या एक गोष्ट सहज ध्यानात येते. कोणत्या गावी कोणते काम अडले आहे, ते किती माणसांकडून किती काळात उरकेल आणि न उरकल्यास कोणाचे काय बिघडेल, याविषयी त्यांत जेमतेम चार ओळी असतात. परंतु त्या कामास जाणाऱ्या तरुणाचा आत्मविश्वास कसा वाढेल, त्याची दृष्टी कशी विशाल होईल आणि पुढे नोकरीच्या अर्जात हा अनुभव त्याला कसा उपयोगी पडेल, याचे वर्णन मात्र पानोपानी पसरलेले असते. युरोपीय संघाच्या योजनेत तर या विकासाची रीतसर नोंद ठेवण्याचीच तजवीज आहे. १९९६ साली ‘युरोपियन व्हॉलंटरी सर्व्हिस’ या नावाने प्रयोगादाखल सुरू झालेली आणि २०१८ पासून ‘युरोपियन सॉलिडॅरिटी कोअर’ या नावाने चालणारी ही योजना १८ ते ३० वर्षांच्या तरुणास प्रवासखर्च, निवास, भोजन आणि थोडासा हातखर्च देऊन एक वर्षापर्यंत परक्या देशात सेवेस धाडते, आणि परतताना ‘यूथपास’ नावाचा दाखला त्याच्या पदरात घालते. आठ प्रकारच्या क्षमतांपैकी कोणत्या आपल्या ठायी कितपत वाढल्या, याचा मजकूर या दाखल्यात ज्याचा त्यानेच लिहावयाचा असतो. मामलेदार कचेरीत एकेका दाखल्यासाठी खेटे घातलेल्या माणसाला ही मुभा पाहून हेवा वाटला, तर त्यात नवल नाही.

परदेशी सेवेने माणूस वाढतो, हे मला अमान्य नाही. माझे म्हणणे एवढेच, की तो कशाने वाढतो याविषयी या माहितीपत्रकांची कल्पना चुकीची आहे. देण्याने मन मोठे होते, अशी त्यांची धारणा दिसते. वस्तुतः देण्यासाठी म्हणून गेलेला माणूस जेव्हा परक्या गावाचा ऋणाईत होतो, आणि हे ऋण आपल्याच्याने फिटणारे नाही हे जेव्हा त्याला उमगते, तेव्हा त्याच्यात जो पालट होतो त्यालाच विकास म्हणता येईल. हे ऋण अंगावर यावयाचे तर काम खरोखरीचे असले पाहिजे, आणि ज्याच्या दारी आपण गेलो त्याला आपल्यावर हुकूम करण्याचा अधिकार असला पाहिजे. या दोन अटी ज्या योजनेत नाहीत, तीत माणूस हिंडतो, आनंदात राहतो, छायाचित्रे काढतो आणि होता तसाच परत येतो.

परक्या देशी जाऊन श्रमसेवा करण्याच्या चळवळीचा मूळपुरुष जो पियेर सेरेसोल, त्याच्या चरित्रात विकासाची भाषा जवळजवळ नाहीच. १८७९ साली लोझान येथे जन्मलेल्या या स्विस अभियंत्याचे वडील स्वित्झर्लंडचे राष्ट्राध्यक्ष झालेले होते. घरची सुबत्ता होती, आणि वारसाहक्काने आलेली संपत्ती आपण कमावलेली नाही म्हणून त्याने ती सरकारजमा करून टाकली होती. पहिल्या महायुद्धाच्या काळात लष्करी कर भरण्यास नकार दिल्याबद्दल त्याने तुरुंगही पाहिला. पण युद्धाला केवळ नकार देऊन त्याचे समाधान होईना. सैनिक जो त्याग करतो, जी शिस्त पाळतो, जो जीव धोक्यात घालतो, त्या तोलामोलाचे काही शांततावाद्याने करून दाखविल्याखेरीज त्याच्या शब्दाला वजन येणार नाही, असे त्याचे मत झाले. आणि १९२० च्या हिवाळ्यात व्हर्दूनच्या रणक्षेत्रानजीक, तोफांनी जमीनदोस्त केलेल्या एन नावाच्या खेड्यात त्याने मूठभर सोबत्यांसह पहिले श्रमशिबिर उभारले. सोबत्यांत जर्मन तरुणही होते. ज्या मातीत लाखो माणसे चारच वर्षांपूर्वी मारली गेली होती, तेथील शेतकऱ्याने आपले घर जर्मनाच्या हातून बांधून घ्यावे ही अपेक्षा त्या घटकेला अतिरेकीच ठरली, आणि स्थानिक विरोधामुळे काही महिन्यांतच काम आवरते घ्यावे लागले.

या अपयशाचा उल्लेख चळवळीच्या इतिहासात बहुधा प्रस्तावनेसारखा येतो, आणि लेखक लगबगीने पुढील यशाकडे वळतात. मला मात्र ते अपयशच अधिक बोलके वाटते. येथे यजमानाला ‘नको’ म्हणण्याचा अधिकार होता, त्याने तो बजावला, आणि पाहुण्यांनी तो मानला. आपल्या सद्हेतूचा स्वीकार झालाच पाहिजे, असा हट्ट सेरेसोलने धरला नाही. सद्हेतू असलेल्या माणसाला नकार पचविणे किती अवघड असते, हे ज्याने सार्वजनिक कार्य केले आहे त्यालाच ठाऊक.

पुढे १९२४ मध्ये लेझॉरमाँ येथे हिमलोटाने उद्ध्वस्त केलेल्या डोंगराळ मुलखात शिबिर भरले, त्याच्या संचालनात पियेरचा भाऊ एर्नेस्त होता, आणि हा भाऊ स्विस सैन्यात कर्नल होता. शांततावाद्यांच्या छावणीस शिस्त लावण्यास लष्करी अधिकारी यावा आणि त्यात कोणालाच विसंगती वाटू नये, ही गोष्ट त्या दोघा भावांविषयी बरेच काही सांगून जाते. १९२७ च्या सप्टेंबरात ऱ्हाइन नदीचा बांध फुटून लिख्टेनस्टाइन या चिमुकल्या राज्याची शेते दगडगोट्यांखाली आणि गाळाखाली गेली, तेव्हा दुसऱ्या वर्षी निरनिराळ्या देशांचे सातशेहून अधिक स्वयंसेवक फावडी घेऊन तेथे उतरले. स्त्रिया आल्या होत्या, पण त्यांच्याकडे बहुतेक स्वयंपाक, धुणे आणि फाटके शिवणे एवढेच सोपविलेले होते, आणि त्यांना ‘भगिनी’ म्हणण्याचा प्रघात होता. जगातील वैर नाहीसे करण्यास निघालेल्या पुरुषांना चूल कोणी फुंकावी हा प्रश्न त्या काळी पडलेला दिसत नाही.

आपल्या दृष्टीने महत्त्वाचा प्रसंग यानंतरचा. १५ जानेवारी १९३४ रोजी उत्तर बिहारात प्रलयंकर भूकंप झाला; तुरुंगातून नुकतेच सुटलेले राजेंद्रप्रसाद यांनी मदतकार्याची धुरा उचलली. १९३१ च्या अखेरीस गांधीजी गोलमेज परिषदेहून परतताना स्वित्झर्लंडमध्ये थांबले होते, तेव्हा सेरेसोलची त्यांच्याशी भेट झालेली होती. भूकंपाची वार्ता ऐकून तो हिंदुस्थानात आला, पाहणी करून परत गेला, आणि नंतर दोनचार युरोपीय सोबत्यांना घेऊन पुन्हा आला. १९३७ पर्यंत हे काम चालले. धरणीकंपाने जमिनीच्या पातळ्याच बदलून टाकल्या होत्या. पूर्वी कोरड्या राहणाऱ्या वस्त्या आता दर पावसाळ्यात पाण्याखाली जाऊ लागल्या होत्या, आणि त्या उचलून उंचवट्यावर वसविणे हे मुख्य काम होते. पंचावन्न वर्षांचा सेरेसोल हिंदी शिकू लागला. ज्या मुलखात गोरा माणूस म्हणजे कलेक्टर, पोलीस सुपरिंटेंडेंट किंवा निळीच्या मळ्याचा मालक, तेथे एक गोरा काँग्रेसच्या पुढाऱ्यांच्या सल्ल्याने चालतो, मजुराबरोबर माती उपसतो, आणि शब्द अडला की त्या मजुराचेच तोंड पाहतो, याचा परिणाम किती घरे उभी राहिली या हिशेबात मावणारा नाही. त्या प्रचंड आपत्तीत चार युरोपीयांच्या श्रमाने असा कितीसा फरक पडणार होता? हा प्रश्न त्या वेळीही विचारला गेला असेल, आणि तो रास्त आहे. पण घरे बांधण्यात बिहारी कारागीर त्याच्यापेक्षा सरस होता, हे सेरेसोलला कळत होते, आणि ते कळूनही तो राहिला. आपल्यावाचून काम अडत नाही हे जाणूनही जो ते मनापासून करतो, त्याच्या ठिकाणी जी वृत्ती तयार होते ती आत्मविश्वास या शब्दाच्या अगदी उलट दिशेची आहे. तिला नम्रता म्हणावे, तर तो शब्दही उपदेशकांनी गुळगुळीत करून ठेवला आहे.

सेरेसोलच्या या शिबिरांतून उभ्या राहिलेल्या ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’ या संस्थेचा महाराष्ट्राशी संबंध आला तो आनंदवनात. तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात वरोऱ्याजवळील खडकाळ माळावर बाबा आमटे आणि साधनाताई यांनी १९५१ च्या सुमारास कुष्ठरोग्यांसह वसाहत वसविली, विहीर खणली, भाजीपाला पिकविला. पण कुष्ठरोग्याच्या हातची भाजी वरोऱ्याच्या बाजारात कोणी घेईना. पुढे थोड्याच वर्षांत अनेक देशांचे तरुण स्वयंसेवक तेथे आले, दवाखान्याच्या इमारती त्यांनी आपल्या हातांनी बांधल्या, आणि मुख्य म्हणजे त्याच मळ्यातले अन्न ते रोज खात राहिले. ते पाहून गावाची भीती ओसरली व भाजी विकली जाऊ लागली. येथे एक खोच आहे, ती नजरेआड करू नये. गोऱ्या माणसाने खाल्ले म्हणून आम्ही खाऊ लागलो, यात आमच्या समाजाला अभिमान वाटण्यासारखे काही नाही. साधनाताई तेच अन्न आधीपासून खात होत्या, आणि त्यांचा दाखला आम्ही मानला नव्हता. पण त्या तरुणांच्या बाजूने पाहू गेल्यास, त्यांनी तेथे जे दिले त्यात विटांपेक्षा जेवणाचा वाटा मोठा होता. आणि जेवण तर त्यांनी घेतले होते! परक्याचे अन्न विश्वासाने घेणे हीच त्यांची सेवा ठरली.

इव्हान इलिच या विचारवंताने १९६८ साली मेक्सिकोतील खेड्यांत उन्हाळी सेवेस निघालेल्या अमेरिकन विद्यार्थ्यांना तोंडावर सांगितले होते, की तुम्ही पाहावयास या, शिकावयास या, डोंगर चढावयास या. पण मदत करावयास म्हणून येऊ नका. सेवाच करावयाची असेल तर ती आपल्या शहरातील गरिबांची करा, निदान ते तुम्हाला तुमच्या भाषेत हाकलून तरी देऊ शकतील. हे कठोर बोलणे पुढील काळाने खरे करून दाखविले. नेपाळ, कंबोडिया इत्यादी देशांत परदेशी स्वयंसेवकांच्या मागणीपोटी अनाथालये निघाली आणि आईबाप हयात असलेली मुले त्यांत भरती केली गेली. युनिसेफने याविषयी इशारे दिले, आणि ऑस्ट्रेलियात आधुनिक गुलामगिरीसंबंधी २०१८ साली कायदा झाला त्या सुमारास या व्यवहाराची तेथे गंभीर चर्चा झाली. दोनचार आठवडे लळा लावून निघून जाणाऱ्या पाहुण्यांची रांग एखाद्या मुलापुढून जात राहते, तेव्हा विकास नेमका कोणाचा होतो, आणि त्याची किंमत कोण मोजतो?

तथापि इलिचचे म्हणणे सर्वत्र लावता येत नाही, आणि माझ्या सिद्धान्तालाही येथे एक अडचण आहे. २२ जानेवारी १९६३ रोजी फ्रान्सचे द गॉल व पश्चिम जर्मनीचे आडेनाउअर यांनी एलिझे राजवाड्यात मैत्रीचा करार केला, आणि त्याच वर्षी जुलैत फ्रँको-जर्मन युवक कार्यालय स्थापन झाले. त्याच्यामार्फत आजवर नव्वद लाखांहून अधिक तरुणांनी एकमेकांच्या देशांत मुक्काम केला. या तरुणांपैकी बहुतेकांनी ना घर बांधले, ना गाळ उपसला. तेथे हेतू उघडउघड तरुणांची मने पालटण्याचा होता, माहितीपत्रकांवर माझा जो आक्षेप तोच या कार्यालयावर घ्यावा लागेल. आणि तरीही हा उद्योग सफल झाला, हे मान्य केल्यावाचून गत्यंतर नाही. त्याचे कारण मला असे दिसते, की ल्योंचा मुलगा ज्या वर्षी जर्मन कुटुंबात जाऊन राहिला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात त्या कुटुंबातील मुलगी ल्योंला येऊ शकत होती. दोघेही एकमेकांचे पाहुणे आणि दोघेही यजमान. ऋण दोन्ही बाजूंनी होते, म्हणून खऱ्या कामाची अट तेथे शिथिल होऊ शकली. कॅनडात १९७१ साली झाक एबेअर यांनी सुरू केलेल्या ‘कॅनडा वर्ल्ड यूथ’ या संस्थेनेही हेच ओळखून एका कॅनेडियन तरुणामागे यजमान देशाचा एक तरुण अशी जोडी लावली होती, आणि ही जोडी काही महिने एका देशात तर काही महिने दुसऱ्या देशात राहत असे.

जेथे ही परतफेड शक्य नाही, तेथे विनिमय हे नाव धारण करण्याचा योजनेला अधिकार किती, याचा विचार आता व्हिसाच्या खिडकीपाशी उभे राहून केला पाहिजे. युरोपातील तरुण पारपत्र खिशात घालून काठमांडूला वा उदयपूरला सेवेस येतो, त्याला अडविणारे विशेष कोणी नसते. मुझफ्फरपूरच्या किंवा गडचिरोलीच्या तरुणाने उलट दिशेने जावयाचे म्हटले, की बँकेतील शिल्लक, परतीचे तिकीट, जामीन आणि आपण परत येऊच अशी खात्री, एवढ्यांची रुजवात त्याला घालावी लागते, आणि इतके करूनही संशय फिटतोच असे नाही. सेरेसोल बिहारात आला त्यास आता नव्वद वर्षे होऊन गेली. त्याच्या स्वित्झर्लंडने लष्करी नोकरीऐवजी नागरी सेवेची मुभा कायद्याने १९९६ साली दिली, त्याची मूळ मागणी त्याच्या मृत्यूनंतर अर्धशतकाने का होईना मान्य झाली. पण त्याच्या बिहारभेटीची परतफेड करण्याचा मार्ग अजून कोणी मोकळा केलेला नाही. मे २०२५ मध्ये स्वित्झर्लंडच्या व्हाले प्रांतातील ब्लाटेन हे गाव हिमनदी कोसळून मलब्याखाली गेले. गावकऱ्यांना आधीच हलविले होते म्हणून मनुष्यहानी फारशी झाली नाही, पण घरेदारे गेली, आणि पुनर्वसनाचे काम पुष्कळ वर्षे पुरणारे आहे. पुराने आणि धरणीकंपाने उठलेली गावे पुन्हा वसविण्याचा वडिलोपार्जित अनुभव असलेल्या उत्तर बिहारच्या एखाद्या तरुणाने, माझ्या आजोबांच्या गावी तुमचा एक माणूस माती उपसून गेला होता, तेव्हा मला तुमच्याकडे चार महिने फावडे चालवू द्या, असा अर्ज बर्नला पाठविला, तर तो कोणत्या दफ्तरात दाखल करून घ्यावा हे तेथील कारकुनाला सांगता येणार नाही.