बियाणे पिशवीत, पाणी पाटात

हरितक्रांतीचे शास्त्रज्ञ एम. एस. स्वामिनाथन यांचा जन्म ७ ऑगस्ट १९२५ रोजी कुंभकोणम येथे झाला. हे गाव मराठी वाचकाला परके वाटू नये. व्यंकोजीराजांनी तंजावर घेतले तेव्हापासून १७९९ पर्यंत हा मुलूख भोसल्यांच्या राज्यात होता. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या तिन्ही संस्थानांचे दिवाण झालेले सर टी. माधवराव १८२८ साली इथल्याच एका मराठी घरात जन्मले. गावाच्या एका अंगाला कावेरी, दुसऱ्या अंगाला अरसलार, आणि चहूकडे भातखाचरे. पाणी कुठून येते, कुठे थांबते आणि कुठे जाते, यावर ज्या मुलखाचे सारे जगणे ठरते, त्या मुलखात हा माणूस वाढला.

कुंभकोणमच्या पूर्वेला थोड्याच अंतरावर अडुतुरै येथे १९२२ पासून भात संशोधन केंद्र आहे. पन्नासच्या दशकात कटकच्या केंद्रीय भात संशोधन संस्थेत जपानी आणि भारतीय भातांच्या संकराचे मोठे काम चालले होते. तरुण स्वामिनाथन त्यात होते. त्या कामातून पुढे अडुतुरैला ‘एडीटी २७’ हे वाण तयार झाले आणि साठच्या दशकाच्या मध्यास ते तंजावर जिल्ह्यात झपाट्याने पसरले. लवकर तयार होणारे, खताला दाद देणारे भात शेतकऱ्यांना हवेच होते. बियाण्याची पिशवी घरी आली, पेरली, पीक डोळ्यांना दिसले, शेजाऱ्याने पुढच्या हंगामात मागून घेतले. संशोधन शेतापर्यंत पोचण्याची यापेक्षा सोपी वाट नाही.

ही वाट सोपी का, याचा विचार आपल्याकडे पुरेसा झालेला नाही. बियाणे एकट्याचे असते. शेजारी सोबत येवो न येवो, मी माझ्या शेतात नवे वाण लावू शकतो. पाण्याचे तसे नाही. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात पाणी एका खाचरातून दुसऱ्या खाचरात उतरते. वरच्याने बांध फोडला तर खालच्याचे रोप वाहून जाते, खालच्याने चर बुजवला तर वरच्याचे भात कुजते. जमीन कागदावर एकेकाच्या नावावर असते, पण जमिनीखालचा ओलावा आणि क्षार सातबारा पाहून वागत नाहीत. म्हणून बियाण्याचे संशोधन शेतकऱ्याशी बोलून भागते, माती-पाण्याच्या संशोधनाला मात्र गावाशी बोलावे लागते. कृषी संशोधनाने पहिले काम मनापासून केले आणि दुसरे टाळले, असे माझे मत आहे.

स्वामिनाथनांना हे फार लवकर दिसले होते. जानेवारी १९६८ मध्ये वाराणसीच्या विज्ञान काँग्रेसमध्ये त्यांनी बजावले की सुपीकता आणि मातीची घडण न जपता सघन शेती केली तर वाळवंटे तयार होतील, निचऱ्याची सोय न करता पाणी दिले तर जमिनी क्षारपड होतील, आणि शेकडो स्थानिक वाणांच्या जागी एकदोनच वाणे आणली तर एखादा रोग सारे पीक घेऊन जाईल. त्याच वर्षी जुलैत गव्हाच्या क्रांतीचे टपाल तिकीट निघाले. देशाने तिकीट लक्षात ठेवले.

आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरच्या रात्री, तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यातल्याच कीळवेण्मणी गावात, मजुरीत थोडे जास्त धान मागणाऱ्या दलित शेतमजुरांची ४४ माणसे एका झोपडीत जाळून मारली गेली. त्यांत बायका आणि मुलेच अधिक होती. वाढलेले पीक कोणाच्या घरात जाते, हा प्रश्न वाणाच्या शिफारशीत कुठेच नसतो.

आता पाण्याकडे वळू. करिकाल चोळाच्या नावाने ओळखले जाणारे कल्लणै धरण कावेरीच्या वाळूत दगड टाकून उभे राहिले. एकोणिसाव्या शतकात कोळ्ळिडम फाटा अधिक पाणी ओढू लागला आणि कावेरीचे पात्र गाळाने भरू लागले, तेव्हा आर्थर कॉटनने १८३६ मध्ये वरच्या अंगाला नवा बांध घातला. १९३४ साली मेट्टूर धरण झाले आणि १२ जून ही पाणी सोडण्याची तारीख रूढ झाली. कुरुवै या भाताच्या पहिल्या हंगामाचे सारे गणित या तारखेवर. २०१२ ते २०१९ या सलग आठ वर्षांत ती पाळता आली नाही. ज्यांच्याकडे बोअर होती त्यांनी कुरुवै लावले, बाकीच्यांनी नंतरच्या सांबा हंगामाची वाट पाहिली. उशिरा लावलेले कुरुवै ऐन ऑक्टोबरच्या पावसात कापणीला येते, आणि गाळाने तुंबलेले चर ते पाणी बाहेर जाऊ देत नाहीत. इथे कोणते वाण काय करणार?

पाट-तळ्यांचा गाळ गावाने मिळून काढायचा, ही तमिळ मुलखातली कुडिमरामत्तुची रीत. ती मोडली आणि २०१७ मध्ये सरकारला योजना काढून ती पुन्हा उभी करावी लागली. आपल्याकडे धुळ्याच्या पांझरा खोऱ्यात फड पद्धत याच जातीची. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे फड पाडायचे, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे, आणि पाणी कोणी मालकाने नव्हे तर गावाने नेमलेल्या पाटकऱ्याने द्यायचे. ही पद्धत काही शतके चालली. नदीच्या वरच्या अंगाला धरणे झाली, प्रत्येकाने विहीर काढली, आणि फड विस्कटले.

उलट उदाहरणही महाराष्ट्रातच आहे. शिरोळ तालुक्यात उसाला भरमसाट पाणी देऊन हजारो एकर जमीन क्षारपड झाली. म्हणजे १९६८ चा इशारा अक्षरशः खरा ठरला. तिथल्या दत्त सहकारी साखर कारखान्याच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी जमिनीखाली सच्छिद्र पाइप घालून पड जमिनी पुन्हा पिकाखाली आणल्या. हे तंत्र जुनेच आहे. अवघड होते ते शेकडो मालकांचे एकमत, कारण एकाच्या शेतातला निचरा दुसऱ्याच्या शेताखालून गेल्याशिवाय ओढ्याला लागत नाही.

स्वामिनाथनांनी १९८८ मध्ये चेन्नईत स्थापलेल्या संशोधन संस्थेचे पिच्चावरमचे काम मला त्यांच्या वाणांइतकेच मोलाचे वाटते. त्रिभुज प्रदेशाच्या टोकाला असलेले तिथले खारफुटीचे जंगल गावकऱ्यांच्या गुरांनी आणि कुऱ्हाडीने संपवले, असा समज होता. अभ्यासात वेगळेच निघाले. पूर्वी सरकारी खात्याने पट्टेच्या पट्टे तोडले, तिथली जमीन खचली, खोलगटात समुद्राचे पाणी साचून आटत राहिले आणि मीठ वाढले. मग गावकऱ्यांना सोबत घेऊन चर खणले, भरती-ओहोटी आत-बाहेर जाऊ लागली आणि झाडे परत आली. बियाणे नवे नव्हते, पाण्याची वाट नवी होती.

महाराष्ट्रातल्या चार कृषी विद्यापीठांची दरवर्षी संयुक्त बैठक होते. तीत वाणे, अवजारे आणि शिफारशी मंजूर होतात, आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत त्यांचे आकडे येतात. ही कामगिरी खरी आहे. पण एखादे तंत्र पाटावर दहा वर्षे बसून तपासणारा शास्त्रज्ञ या बैठकीत कुठे मोजला जातो? २००५ च्या कायद्याने महाराष्ट्रात शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांना अधिकार दिले, नाशिकच्या वाघाड प्रकल्पावर तर त्या आधीपासूनच उभ्या होत्या. माझी मागणी साधी आहे. चारही विद्यापीठांनी अशा संस्थांची एकेक वितरिका, तिच्या शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्यासह आणि तिथल्या भूमिहीन मजुरासह, दहा वर्षांसाठी आपले संशोधन क्षेत्र म्हणून हाती घ्यावी, दरवर्षी तिथल्या मातीतला सेंद्रिय कर्ब, क्षार, विहिरींची पातळी आणि मजुरीचा दर जाहीर करावा, आणि शास्त्रज्ञाची बढती त्या आकड्यांवर ठरवावी.